रूपसरच्या पाहुण्याचा डबा

"वाळवंट मला काय शिकवनार? दुष्काळाचं तिसरं साल अंगावर काढलंय मी!" असं नगरकडच्या मिरजगावच्या पारावर ठणकावून मच्छिंद्र राजस्थानला निघाला.

काम नाजूक होतं. थोरल्या लेकीला, बनूला, मूळच्या भिंगारच्या घरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं नाव श्रीमंत, लष्कराच्या रस्त्याच्या कामावर मुकादम. नाव ठेवायला कुठंच जागा नव्हती. बनूनं फोटो पाहिला आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपवल्या, म्हणजे तिचाही होकार होता! अडचण एकच. श्रीमंतची नेमणूक जेसलमेरच्याही पुढं, वाळवंटातल्या रूपसर नावाच्या जुन्या किल्ल्याच्या गावी झाली होती, आणि आईबापही त्याच्याबरोबर तिकडंच राहायला गेले होते. आता आमच्या भागात स्थळ आलं की मुलीची आई पगार नंतर विचारते, आधी विचारते, पाणी किती लांब?

"तिथं पानी असंल तर व्हय म्हना," गोजरबाईनं नवऱ्याला बजावलं. "न्हाईतर माझी पोर मी वाळूत घालनार न्हाई!"

मच्छिंद्रनं अक्कल चालवली. मिरजगावात टँकरशिवाय पाणी दिसत नाही, तर वाळवंटात आपल्याला कोण पाजणार? त्यानं तेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा घासून घेतला, टँकरखाली धरून भरला आणि सांडू नये म्हणून झाकणाला डाख लावून घेतला.

गाडीत तो डबा मांडीवर घेऊन बसला. डाख लावलेला डबा कुणी इतक्या मायेनं कवटाळलाय म्हटल्यावर लोकांनी ठरवूनच टाकलं, की आत साजूक तूप आहे! एका शेठजींनी सरकून खिडकी दिली. मच्छिंद्रनं ती घेतली. तूप नाही, हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं? खिडकी गेली असती!

रूपसरला उतरला आणि त्याचे पाय जागीच थांबले. किल्ल्याच्या पायथ्याशी तळं होतं. भरलेलं! काठोकाठ! बायका पितळी हंडे बुडवून नेत होत्या, पलीकडच्या घाटावर माणसं निवांत अंघोळी करत होती, आणि एक म्हैस तर नुसती मजा म्हणून पाण्यात बसली होती. मच्छिंद्रला त्या म्हशीचा इतका हेवा वाटला, की डोळे भरून आले.

आता डबा टाकून द्यायला हवा होता. पण टँकरचं पाणी सांडायचं? हात धजेना! तेवढ्यात श्रीमंतचे आईबाप, भिमाजी आणि मालनबाई, घ्यायलाच आले.

"अगं बाई! येवढं तूप कशाला आनलं, पाव्हनं?" मालनबाई म्हणाल्या.

ज्या गावात म्हशी पोहतात तिथं आपण पाणी आणलंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"असू द्या," मच्छिंद्र पुटपुटला. "घरी हुतं."

झालं! मालनबाईंनी अर्ध्या आळीला जेवायचं आवतण दिलं. आमच्या व्याह्यांनी नगरहून तूप आणलंय, चुरमा करू! बाट्या भाजल्या, कुटल्या, भल्यामोठ्या परातीत ढीग लागला. भोवती मिशावाले पाहुणे बसले.

"डबा लग्नातच फोडू की," मच्छिंद्रनं डबा आपल्याकडं ओढला.

"तवा दुसरा आना!" म्हणत भिमाजींनी छिन्नीनं झाकण उडवलं आणि डबा परातीवर पालथा केला.

भक्! चुरम्याची पेज झाली. कुटायची राहिलेली एक बाटी तरंगत मच्छिंद्रपर्यंत आली आणि त्याच्याकडं बघत थांबली.

"पानी?" मालनबाई किंचाळल्या. "तुमी नगरहून पानी आनलं?"

मच्छिंद्रनं मग सगळं सांगितलं. आडात गाळ आहे, टँकर मर्जीनं येतो, खाटेवर बसून अंघोळ करतात आणि खालच्या घमेल्यातलं पाणी बैलाला पाजतात. पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, तरी चेहरा बघून एकानं लोटाभर पाणी पुढं केलं. वाळवंटातल्या माणसाला आपली दया आली, हे मात्र मच्छिंद्रच्या जिव्हारी लागलं!

भिमाजी गंभीर झाले. "लगीन मुलीच्या दारात लागतं. तुमच्या दारात वऱ्हाडाला प्यायला काय घालनार? ही सोयरीक ऱ्हाऊ द्या, पाव्हनं."

बनूच्या करपलेल्या भाकरी मच्छिंद्रच्या डोळ्यापुढं आल्या. तो ताडकन उठला. "लगीन हिथं लावू! चार मानसं घिऊन येतो. चारच!"

सोयरीक जमली. पण घरी येऊन त्यानं बायकोला तळ्याचं वर्णन केलं, आणि गोजरबाईनं ते टँकरच्या रांगेत केलं. मग काय विचारता! बांधावरून बोलणं तोडलेला भाऊबंद, नवस फेडायलाही कधी गावाबाहेर न पडलेला गहिनीनाथ, लग्नकार्यात कधीच न जाणारी कडूबाई, सगळे जवळचे नातेवाईक निघाले. कुणी पोरंबाळं आणली, कुणी गोधड्यांची गाठोडी. गाडी रूपसरला थांबली तेव्हा भिमाजींना वाटलं, गाव उठून आलं की काय. आलंच होतं!

मांडवात मंगलाष्टकं म्हणायला भटजी आणि अक्षता टाकायला मच्छिंद्र, एवढेच उरले. बाकी सगळं वऱ्हाड घाटावर. गोजरबाई लेकीच्या लग्नाला ओल्या केसांनी धावत आली, तीही शेवटच्या 'सावधान'ला. मग तिनं बनूच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तिला रडूच आवरेना.

लग्न लागलं. जेवणं झाली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. घाटावर गोधड्या वाळतच होत्या.

भिमाजींनी मच्छिंद्रला बाजूला घेतलं. "व्याही, वऱ्हाड परत कवा निघनार?"

मच्छिंद्रनं वर कोरड्या आभाळाकडं पाहिलं, मग खाली जमिनीकडं, आणि हळूच म्हणाला, "तिकडं पाऊस पडला, की लगीच!"