नाना खाकरून घरात जातात

आमच्या शेजारचे माणिकनाना स्वतःच्याच घरात शिरताना उंबऱ्याशी थांबून खाकरतात. एकदाच, पण मोठ्यानं. मग जरा वाट बघतात आणि मगच पाऊल आत टाकतात. घरात लेकीसुना असल्या की जुनी माणसं अशी वर्दी देतात, त्यात नवल काही नाही. पण नानांच्या घरात नानांशिवाय कुणीच नाही. कुसुमकाकू जाऊन काही वर्षं झाली, मुलगा महेश पुण्याला. कुलूप नानाच काढतात, आणि आपणच उघडलेल्या रिकाम्या घराला खाकरून दाखवतात.

मी इथं कळंबला शाळेत शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कुणी विचारायला नको.

नानांची हयात आडतीवर धान्याची पोती तोलण्यात गेली. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता, असं आडतवाले अजून हसून सांगतात. त्यांचा मोबाइल बटणांचा. तो वाजला की आधी त्याच्याकडं संशयानं बघतात, मग उचलतात. "मिशीन हाय, तिला काय कळतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिक्सर, एटीएम, आमच्याकडचं वॉशिंग मशीन, सगळ्यांचा निकाल त्यांनी या एका वाक्यात लावून टाकलाय.

अशा माणसाच्या बैठकीत महेशनं दिवाळीला फोटोंची फ्रेम लावून दिली. दिसायला साधी तसबीर, पण आत टीव्हीसारखा पडदा. पुण्यात सूनबाईनं मोबाइलवरून फोटो टाकला की इकडं कळंबात भिंतीवर हजर. नानांनी सुरुवातीला तिच्यावर टॉवेलच टाकून ठेवला. मग कधीतरी धूळ झटकायला म्हणून तो काढला, तर समोर नात ईरा, गालभर वरणभात माखून बसलेली. टॉवेल पुन्हा काही चढला नाही.

त्यानंतर मात्र आम्हाला चैन राहिली नाही. "बाई, इरी आलीया, बघून जावा," म्हणत नाना दारात उभे. मी गॅस बंद करून पळत जावं, तोवर इरी गेलेली असायची आणि तिच्या जागी महेश कुठल्याशा हॉटेलात डोसा खात असायचा. नाना फ्रेमवर चिडायचे. आल्यासारखं घडीभर थांबावं, चहा घ्यावा, ही काय पाहुण्यांची रीत झाली, असं त्यांचं म्हणणं. सूनबाई जीन्समध्ये दिसली की मान खाली घालायचे. मला वाटायचं, खाकरणं तिच्यासाठीच असणार. भिंतीवर का असेना, सून ती सूनच.

मग आला पितृपंधरवडा. महेशनं मायेनं आईचाही फोटो फ्रेममध्ये टाकला होता. तिथीच्या दिवशी नाना झेंडूचा हार धरून तिष्ठत उभे राहिले. काकू आल्या. नानांनी घाईनं हार चढवला, डोळे मिटून हात जोडले, आणि डोळे उघडतात तर हारामध्ये ईरा हसतेय.

नानांची हाक ऐकून मी धावले. फुलं खोलीभर झालेली, नाना भिंतीला टेकून उभे होते. जित्या लेकराच्या फोटोला हार. एरवी मला हसायला कारण लागत नाही, पण तेव्हा मी खाली बसून फुलं गोळा करायला लागले. त्यांनी मीठ-मिरच्या घेऊन फ्रेमची दृष्ट काढली. पुण्याला फोन लावून ईराचा आवाज ऐकला, आणि महेशला बजावलं की आईला त्यातनं आधी बाहेर काढ, गेलेल्यांची अन् जित्यांची एक पंगत करायची न्हाय. काकू आपल्या जुन्या तसबिरीत राहिल्या. फ्रेममध्ये पुण्याची तिघंच उरली.

आता या फ्रेमची एक गंमत आहे. खोलीत कुणी नसलं की ती काळी पडते, कुणी आलं की आपोआप लागते. वीज वाचावी म्हणून तशी सोय.

थंडीचे दिवस होते. दिवेलागणीला मी कढी द्यायला गेले, तर नाना मफलर गुंडाळून बाहेर ओट्यावर बसलेले. मीही टेकले. हरभऱ्याच्या भावाचं काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि आतल्या अंधारात फ्रेम लागली.

दारातून सगळं स्वच्छ दिसत होतं. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीवर ईरा होती, पायात पैंजण घालून उभी. मग दुसरी ईरा, झोपलेली. मग पुन्हा ईरा. बऱ्याच वेळानं, कुणीतरी उठून गेल्यासारखी, फ्रेम काळी झाली. मी म्हटलं, मांजर असेल.

"व्हय, मांजर असंल," नाना म्हणाले, ते माझ्या समाधानासाठी. मागचं दार लावलेलं होतं, आणि पुढच्या दाराच्या बाजूला आम्हीच बसलो होतो.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. ईरा जन्मली तेव्हा काकू नव्हत्या. नातीची त्यांना फार आस होती, झबली शिवून ठेवली होती. आता संध्याकाळी येऊन बघून जातात. नाना आत जाताना खाकरतात, ते त्या दचकू नयेत म्हणून. मी विचारलं, मग एवढ्या थंडीत तुम्ही बाहेर का बसता?

"म्या आत असलो की मिशीन माज्यामुळंच लागती, बाई. मग महेशची आई आली का न्हाय, कसं कळावं?"

आठवड्यानं महेशचा मला फोन आला. फ्रेम बिघडलीय, कुणी नसताना लागते, नाना उगाच गारठ्यात बसतात. सेटिंगमध्ये जाऊन ती कायम चालू राहील असं करा, म्हणाला. काम दोन बटणांचं. मी गेले, फ्रेमपुढं उभी राहिले, बटणाला हात लावला. नाना मागं दारात उभे होते.

"मंग रात्रंदिस लागलेलीच ऱ्हाईल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि तसबिरीतल्या काकूंकडं बघत राहिले. हट्ट केला असता तर मी भांडले तरी असते. मी हात मागं घेतला आणि महेशला कळवून टाकलं की मला ते सेटिंग काही सापडत नाही.

आम्ही बाहेर येऊन बसलो. आत फ्रेम विझली. मला थंडी वाजत होती, उठावंसं मात्र वाटेना. बराच वेळ आत अंधारच राहिला, तसे नाना अस्वस्थ व्हायला लागले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी नेमकी दारासमोर बसलेय.

मी उठले आणि वाट सोडून पलीकडं जाऊन बसले.