आप्पांच्या गाडीचा पंचनामा

आमच्या शेजारच्या आप्पांच्या गाडीचा दर शनिवारी सकाळी पंचनामा होतो. गाडीला अपघात झालेला नाही. तिची चोरी झालेली नाही, तिच्यावर झाड पडलेलं नाही, ती पुरात सापडलेली नाही. तीन वर्षांपूर्वी आप्पांनी ती जुनीच विकत घेतली आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत उभी आहे. आठवड्यातून एकदा पेट्रोल पंपापर्यंत जाते, हवा भरून येते आणि पुन्हा उभी राहते. तरी पंचनामा होतो आणि त्याला दोन पंच लागतात. एक मी, दुसरे हमीदभाई.

आप्पा निवृत्त तलाठी. सगळी नोकरी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत झाली. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, आप्पा गाडीला लागले. हमीदभाईंचं गल्लीच्या तोंडाशी ताडपत्र्या आणि सीटकव्हरं शिवायचं दुकान आहे. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. पंच म्हणून आमची लायकी एवढीच, की शनिवारी सकाळी आम्ही दोघंही घरी सापडतो.

आप्पा बॉनेटवर वही ठेवून लिहायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. "आम्ही खाली सह्या करणारे पंच, समक्ष हजर राहून पाहिले असता, सदरहू वाहन पांढऱ्या रंगाचे असून चालू स्थितीत आहे. चतुःसीमा: पूर्वेस सरांची भिंत, पश्चिमेस गटार, दक्षिणेस हमीदभाई यांची स्कूटर, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. वायपर दोन, पैकी डावा कुरकुरतो."

उभ्या गाडीला चतुःसीमा कशाला, असं मी पहिल्या शनिवारी विचारलं होतं. आप्पांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, चतुःसीमा न्हाई तर गाडी हाये कुठं, हे कसं कळायचं?" मी गाडीला टेकून उभा होतो, म्हणून गप्प बसलो. पुढं हमीदभाईंनी स्कूटर विकली तेव्हा दक्षिणेस 'मोकळी जागा' असं लिहावं लागलं. त्यानंतर आठवडाभर आप्पांना चैन नव्हतं.

गाडी जाणार कुठं, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. वेल्ह्याच्या बाजूला, गुंजवण्याच्या अलीकडं, एका टेकाडावरच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण राहायची. गोदाआक्का. त्यांचं जुनं घर धरणात गेलं आणि मग त्या वर येऊन राहिल्या. बहीणभावांचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते आप्पा सांगत नसत. आक्कांकडं जायचं, एवढं मात्र ते रोज सांगत.

माझा गोंधळ व्हायचा तो इथं. हे अंतर आमच्या भोरपासून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी आणि तिथून आत. दिवसातून दोन-तीन एष्ट्या जातात. हमीदभाईंची मेव्हणी त्या रस्त्यानं स्कुटीवरून जाऊन संध्याकाळच्या आत परत आली होती, वर येताना तांदूळ घेऊन. आप्पांची तयारी मात्र अशी, की जणू रस्ता अजून शोधायचाच आहे.

'तजवीज' हा त्यांचा आवडता शब्द. चिखलात चाक फिरलं तर खाली घालायला गोणपाट. उतरणीला चाकामागं लावायला लाकडी ठोकळे. फावडं, घमेलं, पहार, पन्नास फुटी दोरखंड. ओढ्याचं पाणी मोजायला वेळूची काठी, तिच्यावर रंगानं आखलेल्या रेघा. भर पावसात वायपर बंद पडला तर काचेवर घासायला तंबाखू. हा उपाय जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा. तंबाखू फासली की म्हणे काचेवर पाणी थांबत नाही. आप्पांनी तो प्रयोग उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतून करून पाहिला. पाणी थांबलं नाही हे खरं, पण गाडीत बसलेल्या मला महिनाभर सुपारी खावीशी वाटत होती. मग बॉनेटमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात असं कळलं. त्यासाठी डांबरगोळ्या. मग ब्रेक ऑईल, मग पंख्याचा पट्टा, मग त्या पट्ट्याला पर्यायी पट्टा. टायरची नक्षी किती उरली ते नाणं घालून मोजायचं आणि वहीत लिहायचं. नक्षी कमी व्हायला गाडी चालावी लागते, हे हमीदभाईंनी एकदा सुचवून पाहिलं.

दुपारी आप्पा एष्टी स्टँडवर जात आणि वेल्ह्याकडून आलेल्या ड्रायव्हरांचे जबाब घेत.

"वढ्याला पानी किती?"

"हाय की गुडघ्यापत्तुर."

"गुडघा कुनाचा?"

ड्रायव्हर चहा सोडून निघून जायचा. आप्पा वहीत 'गुडघाभर, इसमाची उंची नमूद नाही' असं लिहायचे.

"अहो, मग एष्टीनंच का जात नाही?" मी विचारायचो.

"एष्टीनं जाता येत न्हाई, सर."

"का?"

"न्हाई जाता येत."

तलाठ्यानं असं उत्तर दिलं की अर्ज फेटाळला असं समजायचं असतं. मी समजायचो. कळत काहीच नव्हतं.

तीन वर्षं दर शनिवारी पंचनाम्यात काहीतरी निघायचं. कधी मागचा दिवा, कधी स्टेपनीत हवा कमी. "आज निघनं न्हाई," असं म्हणून आप्पा वही मिटायचे. म्हणताना चेहऱ्यावर दुःख दिसायला हवं होतं. मला ते कधी दिसलं नाही.

मग यंदा श्रावणात आक्कांच्या मुलाचा, बाळूचा फोन आला. शुक्रवारी. आप्पांनी फोन कानाला न लावता पुढं धरला होता, त्यामुळे गल्लीला ऐकू गेलं. "मामा, आईला घेऊन चाललोय नाशिकला, कायमची. हितलं घर बंद करतोय. रविवारी दुपारी निघनार. यायचं आसंल तर या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

शनिवारी सकाळी आम्ही पंच वेळेआधी हजर झालो. आप्पांनी गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला ते डाव्या मागच्या चाकापाशी बसले, कान लावला आणि म्हणाले, "नट कुरकुरतोय. आज काय, उद्याबी निघनं न्हाई."

हमीदभाई शांत माणूस. पण त्यांनी वही घेतली, मिटली आणि आप्पांच्या खिशात कोंबली. "आप्पा, आजपासनं मी पंच न्हाई. सरबी न्हाईत."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली.

"पंचांबिगर पंचनामा कसा व्हनार?" आप्पा गोंधळले.

"व्हनार न्हाई. उद्या सकाळी आठाला आमी दोघं गाडीत बसनार. तुमी चालवा, न्हाईतर आमी ढकलत नेतो."

रविवारी आठ वाजता निघालो. आप्पा स्टिअरिंगवर, शेजारी हमीदभाई, मागं मी, पहार, घमेलं आणि गोणपाटांचा ढीग. आणि त्या दिवशी असं झालं, की काहीच झालं नाही. आठ दिवस कोसळत असलेला पाऊस थांबला होता. ऊन पडलं होतं. नसरापूरच्या पुढचे खड्डे कुणीतरी नुकतेच बुजवले होते. ओढ्याला पाणी कुणाच्याही घोट्याच्या वर नव्हतं, तरी आप्पांनी उतरून काठी बुडवली. शेजारून एक म्हातारी आपली शेळी घेऊन चालत पलीकडं गेली. तिनं काठीकडे पाहिलं आणि शेळीला म्हणाली, "चल बाई, मोजनी चाललीय."

रस्ता जसा चांगला निघत गेला, तसे आप्पा घाबरत गेले. चांगल्या रस्त्याला भिणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मार्गासनी सोडल्यावर त्यांच्या कपाळावर घाम होता. दोन्हीकडं भाताची लावणी चालली होती, बाया ओळीनं वाकलेल्या, समोर राजगड ढगातून अर्धा बाहेर. आप्पा काही पाहत नव्हते.

वस्तीच्या खाली शेवटचा चढ होता. चिखलणीच्या ट्रॅक्टरांनी तिथं थोडा चिखलाचा राडा केला होता. आप्पांनी ब्रेक लावला.

"हितनं गाडी जायाची न्हाई."

तेवढ्यात वरून दुधाचा टेम्पो उतरला आणि आमच्या अंगावरून पुढं गेला.

"टेम्पो आला की!" हमीदभाई म्हणाले.

"त्यो उतरला. आपल्याला चढायचंय."

"आप्पा, तुमी तीन वर्सं ह्या चढाची तयारी केली का न्हाई?"

"चढाची केली," आप्पा म्हणाले. इंजिन चालूच होतं. बंद करायचंही त्यांना सुचलं नसावं. शेवटी समोर बघत, एखादा जुना कागद वाचावा तसे बोलू लागले.

"धरणाच्या टायमाला गावातल्या घरांचं पंचनामं माज्याकडं आलं. आक्काचं घर दुसऱ्यानं करावं, असं साहेब म्हनलं. मीच म्हनलो, न्हाई, मी करतो. दुसरा नीट मोजायचा न्हाई. सरकारी जीपनं गेलो. फुटाफुटानं मोजलं, सर. वासं मोजलं, कवलं मोजली. समदं बराबर. मग वाटलं, लोक म्हनतील भैनीचं घर म्हनून चांगलं लिवलं. म्हनून खाली लिवलं, 'घर मोडकळीस आलेले'. घर चांगलं व्हतं. दोन वर्सांमागं तिनं नवं सागाचं वासं घातलं व्हतं, येकटीनं, नवरा गेल्यावर."

हमीदभाईंनी खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत ठेवली.

"तिनं वाचाय लावलं पंचांना. ऐकून घेतलं. सही केली. मग मला म्हनली, रंगा, परत सरकारी गाडीतनं माज्या दारात येऊ नगंस."

"मग एष्टीनं यायचं होतं," मी म्हणालो.

"एष्टी पन सरकारचीच."

"वडापच्या खासगी जीपनं?" हमीदभाई म्हणाले.

"जीप म्हंजी जीपच, हमीदभाई."

इतक्या वर्षांनी कोडं सुटलं, आणि उत्तर कोड्यापेक्षा अवघड निघालं. मला आठवलं, की हा माणूस दर शनिवारी कुरकुरणारा वायपरसुद्धा 'कुरकुरतो' असाच लिहायचा, 'मोडका' असं कधी लिहीत नव्हता.

वरून एक म्हातारी उतरत आली. अनवाणी, नऊवारी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, हातात छत्रीची नुसती काठी. राड्यातून ती अशी आली, की चढ तिथं नसावाच. तिनं पुढच्या काचेतून आत पाहिलं. आप्पांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. हमीदभाई म्हणाले, "आक्का, भोरवरनं आलोय."

तिनं मागचं दार उघडलं, पहार आणि घमेलं सरकवलं आणि माझ्या शेजारी बसली.

"हे काय भरलंय?"

"गोणपाट," मी म्हणालो. "चिखलात चाकाखाली घालायला."

"चिखल कुठं हाय?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. चिखल आहे अशी माझीही खात्री पटेना.

"रंगा, कवा आलास?"

"आत्ताच."

"आत्ताच! वरनं बगतीया मी. शेजारणीच्या चुलीवर दोनदा चा उतू गेला." मग म्हणाली, "आपल्या गाडीनं आलास."

"व्हय. आक्का, त्ये घर..."

"घर पान्यात गेलं. आता त्ये चांगलं व्हतं का वाईट, माशास्नी इचार. चल, घे म्होरं."

आप्पांनी पहिला गिअर टाकला. गाडी चढावर एकदाही घसरली नाही.

वर बाळूची गाडी भरून तयार होती. दाराला कुलूप लागलेलं. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. आक्कांनी चहा दिला, तोही शेजारच्या घरातून आणून, आणि कप खाली ठेवायच्या आत जाहीर केलं, की भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला आहे, तेव्हा त्या आधी माहेरी जाणार, नाशिक मागून.

"आई, माजी सुट्टी संपली," बाळू म्हणाला.

"तू जा की म्होरं. सन झाला का मामा आनून सोडंल."

"नाशिकला?" हमीदभाई म्हणाले. "मंग तीन वर्सं धरा, बाळासाहेब."

आक्का एवढ्या हसल्या, की शेजारची माणसं बाहेर आली. आप्पा हसले नाहीत. ते आक्कांची ट्रंक डिकीत नीट बसते का ते पाहत होते.

परत निघालो तेव्हा आक्का पुढं बसल्या, हमीदभाई माझ्याजवळ मागं. मार्गासनीपर्यंत त्या बोलत होत्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून परत आली. आप्पा फक्त 'व्हय' म्हणत होते. नसरापूर यायच्या आधी बोलणं थांबलं. आक्कांना झोप लागली होती. तोंड उघडं, मान एका बाजूला, आणि डावा हात मांडीवर. उजवा सरकून गिअरच्या दांड्यावर जाऊन पडला होता, आप्पांच्या हातावर.

हायवे आला. इंजिन ओरडायला लागलं. मागच्या गाड्या हॉर्न देत पुढं निघून गेल्या. एका एष्टीच्या कंडक्टरनं खिडकीतून वाकून काहीतरी विचारलंही.

"आप्पा," हमीदभाई हळूच म्हणाले, "गिअर बदला. इंजिनाची वाट लागंल."

आप्पांनी हात न हलवता नुसती नकाराची मान हलवली. आम्ही भोरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आलो.