बाबांची राख आणि दोन देशांचा समुद्र

सीमातंटा कसा सोडवायचा, हे मला विचारा! विद्यापीठात मी तेच शिकवते. त्यामुळे बाबांची राख घेऊन कॅनडातल्या ग्रँड मनान बेटावरून निघताना मी अगदी निर्धास्त होते. "जिथे जन्मभर शेवंडीचे सापळे टाकले, तिथेच मला सोडा," एवढंच त्यांचं मागणं. अडचण एकच. ते पाणी कॅनडा आपलं म्हणतो आणि अमेरिकाही आपलंच म्हणते.

तिथे पोचतो तर पलीकडच्या, अमेरिकेतल्या मेन किनाऱ्यावरचा व्हर्जिल होडी आडवी घालून उभा! बाबांचा जुना वैरी. एकमेकांच्या सापळ्यांचे दोर कापण्यात दोघांची हयात गेली.

"इथे राख टाकायची नाही! उद्या म्हणाल, आमचा माणूस इथे निजलाय, समुद्र आमचा!"

"अरे, मेलेल्याशी कसला भांडतोस?" मेरिलकाका गरजला. होडी त्याची, भाऊही त्याचाच.

"एल्वुड मेल्यावर तरी गप्प बसेल, याची काय खात्री?"

खात्री मलाही नव्हती.

"इंजिनं बंद करा," मी फर्मावलं. "चर्चेला शांतता लागते!"

होड्या एकमेकींना बांधल्या. धुकं असं, की व्हर्जिलचं नाक दिसत होतं, कान नाहीत. मी पहिला पर्याय मांडला, संयुक्त सार्वभौमत्व. एक दिवस तुमचा, एक आमचा.

"म्हणजे शेवंडीनं रोज पासपोर्ट बदलायचा?"

दुसरा पर्याय, तिसऱ्याची मध्यस्थी. काकानं वायरलेसवर जवळच्या बेटावरच्या दीपगृहवाल्याला गाठलं.

"मेरिल, दिवा आपोआप लागतो रे! बेट कॅनडाचं दिसावं म्हणून मला इथे ठेवलंय. मी फक्त असतो. मत देणं माझ्या कामात नाही!"

"आणि दिलं तरी मी ऐकणार नाही," व्हर्जिल म्हणाला. "पगार कोण देतं त्याला?"

मग मी हुकमी पान टाकलं. "ही राख कोणत्याही देशाच्या हक्काचा पुरावा धरली जाणार नाही!"

व्हर्जिलनं लगेच आपली अट जोडली. "कापलेले दोरही धरायचे नाहीत."

"मंजूर!"

काकानं त्याला खायला वाळवलेलं समुद्री शेवाळ दिलं, त्यानं आम्हाला डोनट. मी राख हलकेच पाण्यावर सोडली. व्हर्जिलनं टोपी काढली.

तेवढ्यात धुकं विरलं. समोर मेनचा किनारा! दोरीवर कुणाच्या तरी चड्ड्या वाळत होत्या, त्यासुद्धा स्पष्ट दिसल्या.

"पोरी," काका पडेल आवाजात म्हणाला, "ओहोटी. इथे ती मेनकडेच ओढते."

चर्चेच्या नादात आम्ही वाहत वाहत थेट अमेरिकेत आलो होतो. इथल्या पाण्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता!

"माझ्या घरासमोर?" व्हर्जिल ओरडला. "म्हणजे आता रोज सकाळी उठून या एल्वुडचंच तोंड बघायचं?" कुरकुरत होता, पण टोपी काही डोक्यावर परत घालेना.

वर्गात या वाटाघाटी मी यशस्वी म्हणूनच सांगते. नक्की कुठे झाल्या, असं कुणी विचारलं, की तास संपवते.