नानांची पॉइंट टू-टू

नाना देवस्थळी दिवाळीत फुलबाजी लावत, पण ती आधी बांबूच्या टोकाला सुतळीने बांधून घेत. मग बांबू हातभर लांब धरून, मान वळवून उभे राहत आणि थोड्या वेळाने आम्हालाच विचारत, "विझली का हो?" लवंगी फटाक्याने ते बसल्या जागी उडत. आपटीबार म्हणजे त्यांच्या मते खुनाचा प्रयत्न.

अशा माणसाने एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन, रस्त्याकडे दोनदा बघून, मला हळूच सांगितलं, "मला रायफल घ्यायची आहे. तुमची सोबत लागेल."

माझ्या हातातला पेपर खाली आला.

नाना आमचे शेजारी. महाडच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सगळा जन्म अपघात, मारामाऱ्या आणि भाऊबंदकीचे कागद वाचण्यात गेल्यामुळे असेल, त्यांना कुठल्याही वस्तूत आधी तिचा खटला दिसायचा. बोलण्याची सुरुवात "समजा" या शब्दाने. "समजा, हा पंखा पडला." "समजा, एसटीचा ब्रेक वरंध घाटातच गेला." आमच्या घरी फणस आणला, तर ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "समजा, हा झाडाखाली कुणी उभं असताना सुटला असता!" कुलूप लावल्यावर ते इतकं हिसडून बघत की दर पावसाळ्याआधी त्यांना नवं कुलूप घ्यावं लागे.

"रायफल? कशाला?" मी विचारलं.

"नेमबाजीला. पॉइंट टू-टू. सगळ्यात लहान गोळी असते ती. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, आपण खुर्चीत बसायचं. समोर कागद. प्राणी नाही, पक्षी नाही, फक्त कागद." लगेच पुढे म्हणाले, "समजा, कागदाच्या मागे कुणी असलं, तर? म्हणून मागे डोंगर आहे. मी बघून आलोय."

पोलादपूरच्या पुढे उमरठच्या रस्त्याला एक निवृत्त सुभेदार लहानसा रायफल क्लब चालवत. रविवारी चार हौशी मंडळी जमत. नाना तिथे जाऊन नाव घालून आले होते, परवान्याचा अर्जही केला होता. नव्वदच्या दशकाचे ते शेवटचे दिवस होते. अर्ज केल्यावर माणूस तो विसरून जाईपर्यंत त्याचं काही होत नसे. पण नाना विसरले नाहीत. चौकशीला हवालदार आले, त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "तुम्हाला धोका कुणापासून हाय?"

नाना म्हणाले, "खरं सांगू? माझ्यापासूनच."

हवालदारांनी चहा अर्धा टाकला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांचं डोकं बरं हाय ना?"

बातमी बाजारपेठेत फिरली. वाण्यापासून वकिलांपर्यंत सगळे हसले. नानांना बघून लोक रस्त्यात हात वर करू लागले. कमाल केली ती त्यांच्या चुलतभावाने. गावाकडच्या बांधावर एक आंबा होता आणि तो कुणाचा यावर दोघांचं बोलणं बंद होतं. तो स्वतः एसटीने आला आणि दारातूनच म्हणाला, "दादा, आंबा तुझाच रे. माझा काय नाय त्याच्यात." नानांची त्या दिवशी जेवणावरची वासनाच उडाली. "समजा, उद्या हा म्हणाला की मला बंदुकीचा धाक दाखवला?"

परवाना आला, तेव्हा आम्ही पुण्याला गेलो. वरंध घाटात नाना डोळे मिटून बसले होते, पण रायफलीबद्दल बोलणं चालू होतं. आयात बंद असल्याने नवी परदेशी येत नव्हती आणि जुनी परदेशी परवडणारी नव्हती. सरकारी कारखान्याची खिशाला झेपेल, पण सगळ्या सारख्या नसतात, म्हणून हाताळून घ्यायची.

दुकानदार सभ्य होता. आधी त्याने एक जुनी विलायती रायफल काढली. खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा दस्ता, निळसर नळी. किंमत ऐकून नानांनी ती परत देताना नमस्कार केला. मग कारखान्याची कोरी रायफल आली. दुकानदाराने बोल्ट दाखवला. दाराच्या कडीसारखा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, गोळी आत ठेवायची, पुढे ढकलून दांडा खाली पाडायचा. एका वेळी एकच गोळी.

"रिकामी आहे ना?" नानांनी विचारलं.

"रिकामी आहे."

"समजा, नसली तर?"

दुकानदाराने बोल्ट उघडून दाखवला. नानांनी चष्मा पुसून आत पाहिलं, मग मला बघायला लावलं, मग पुन्हा स्वतः पाहिलं. हे प्रत्येक रायफलीला झालं.

पण नंतर त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मला खटकू लागले. "बोल्ट ओढायला जोर किती लागतो? एका बोटाने सरकेल असा आहे का?" कोरीचा बोल्ट घट्ट होता, त्यांनी ती बाजूला ठेवली. "चाप हलका हवा. अगदी हलका. आणि आवाज? कमीत कमी कुठल्या गोळीचा?" शेवटी एका डॉक्टरांनी वापरून विकायला ठेवलेली, त्याच कारखान्याची रायफल त्यांना पसंत पडली. वापराने तिचा बोल्ट लोण्यासारखा झाला होता.

"दस्ता थोडा कापून आखूड करून द्याल?" नाना म्हणाले.

दुकानदाराने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. नाना सहा फुटी. "साहेब, तुमच्या हातांना हाच आखूड पडेल. कापून काय करणार?"

"कापा," नाना म्हणाले. त्यात "समजा" नव्हतं.

घरी आल्यावर मी हा सगळा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. ती हसली नाही. भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "हलका चाप, बारीक आवाज, आखूड बंदूक. अहो, तो माणूस जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाही ना? आणि नलूकाकू कधीच्या दिसलेल्या नाहीत."

नलूकाकू म्हणजे नानांची बायको. मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. बुटक्या, काटक, आणि आवाज असा की ग्राउंडवर "सावधान" म्हणाल्या की चवदार तळ्यावरची माणसं ताठ होत. गेलं वर्षभर त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. विचारलं की नाना सांगत, "गुडघे." मूलबाळ नाही. घरात दोघंच.

त्या आठवड्यात मी रोज काही ना काही निमित्त काढून त्यांच्याकडे गेलो. साखर मागितली, कॅलेंडर बघायला मागितलं. रायफल कपाटात, बोल्ट काढून तांदळाच्या डब्यात, गोळ्या देवघराखालच्या कप्प्यात आणि तिन्हींच्या किल्ल्या जानव्याला. नाना नेहमीसारखेच धास्तावलेले. काकू आतल्या खोलीत. माझी चाहूल लागली की आतलं दार लोटलं जाई. शनिवारी मी धीर करून म्हटलं, "नाना, उद्या क्लबवर मीही येतो."

त्यांनी जानव्याच्या किल्ल्या चाचपल्या. "या. समजा, काही झालं, तर माणूस हवाच."

मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

सकाळी दारात भाड्याची जीप उभी होती आणि मागच्या सीटवर नलूकाकू बसल्या होत्या. उजवा हात पदराखाली. पदर सारखा थरथरत होता. मी नजर वळवली, तशी त्यांनी हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. हात आपोआप हलत होता.

"बघा. एकदा नीट बघून घ्या, म्हणजे वाटेत चोरून बघायला नको," त्या म्हणाल्या. पण आवाज अगदी बारीक होता. मला तो ओळखू आला नाही.

क्लब म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार टेबलं आणि पलीकडे डोंगराचा कापलेला उतार. सुभेदारांनी काकूंना खुर्ची दिली, पिशव्या रचल्या. नाना मला मागे घेऊन गेले.

"कंपवात आहे," ते म्हणाले. "कुणाला कळता कामा नये, ही तिची अट. जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या तर आत जाऊन बसते. कुणासमोर कप उचलत नाही. बोलणंही कमी कमी होत गेलं. कॉलेजात एनसीसीत होती, तेव्हा हिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. मी विचार केला, टेबलावर रायफल वाळूच्या पिशवीने धरलेली असते. हात हलला तरी ती हलत नाही. फक्त बोट लागतं."

"आणि गावाला सांगितलंत की छंद तुमचा."

"मग काय सांगणार? हसू दे की. मला हसायची त्यांना सवय आहे."

"म्हणून दस्ता आखूड. आणि हलका चाप."

"हो. आवाजाचं मात्र माझ्यासाठी विचारलं होतं," असं म्हणून त्यांनी खिशातून कापूस काढला, दोन्ही कानांत कोंबला आणि डोंगराकडे पाठ करून उभे राहिले.

पहिली गोळी कागदाला लागलीच नाही. काकूंनी हात मांडीवर घेतला. "पुरे," त्या म्हणाल्या.

"पुरे नाय, बाई," सुभेदार शांतपणे म्हणाले. "पिशवी हाय ना? तिला धरू दे. तुम्ही बोटाचं बघा."

दुसरी कागदाच्या कडेला लागली. तिसरी वर्तुळात. चौथी तिच्या शेजारी. काकूंनी दुर्बिणीतून बराच वेळ ती दोन भोकं पाहिली. हात थांबला नव्हता, पण त्यांनी तो लपवलाही नव्हता.

शेजारच्या टेबलावर एमआयडीसीतल्या कारखान्याचे एक जाडजूड साहेब होते. ते भारीतली रायफल घेऊन डोंगरभर गोळ्या उडवत होते. काकू थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांची पाठ ताठ झाली.

"ओ साहेब! पोट टेबलाला टेकवू नका! कोपर कुठे चाललंय ते? आणि श्वास कोण सोडणार, मी?"

साहेब शाळेतल्या मुलीसारखे सरळ बसले. पलीकडे बिडी ओढत बसलेला आमचा जीपवालासुद्धा उठून उभा राहिला. मला हसू आवरेना.

नानांनी ते पाहिलं. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "काकू ओरडल्या!"

"माझ्यावर?"

"नाही, त्या साहेबांवर."

"मोठ्याने?"

"खालच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल."

साहेबांनी बोल्ट ओढून नवी गोळी घातली होती, आता कुठल्याही क्षणी बार होणार होता. नाना वळले, काकूंच्या बाजूच्या कानातला कापूस त्यांनी काढला आणि तसेच ऐकत उभे राहिले.