संगनमताची नोटीस

नोटिशीतला बाकी मजकूर भिकाजीला कळला. कळला नाही तो एकच शब्द, आणि भीती वाटली ती नेमकी त्याचीच. तोंडवलीच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी, चालवणाऱ्या भिकाजी, लवू आणि गणपत या तिघांनी 'संगनमत करून' गेल्या बुधवारी होड्या बंद ठेवल्या, अशी तक्रार होती. सोमवारी मालवणच्या कचेरीत खुलासा द्यायचा. तो न पटल्यास परवाने रद्द.

वास्तविक त्या बुधवारी भिकाजीची होडी फट बुजवण्यासाठी वाळूत उलटी घातलेली होती, लवू तापाने फणफणला होता आणि गणपत मेहुणीच्या लग्नाला गेला होता. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. पण वल्ह्याखेरीज भिकाजीच्या हाताला दुसरं काम ठाऊक नव्हतं. आणि ज्या गुन्ह्याचा अर्थच माहीत नाही, तो आपल्या हातून घडलाच नसेल, हे तरी कशावरून?

असला शब्द उलगडून सांगेल असा माणूस गावात एकच होता. सावंतवाडीला कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून परतलेले भाई. बुधवारी होडी न मिळाल्याने पलीकडची मोटार चुकली म्हणून तक्रारही त्यांनीच केली होती. दुसरा इलाज नव्हता. भिकाजी त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिला.

"भाईनु, ह्या संगनमत म्हणजे काय ता सांगशात?"

भाईंचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर प्रथमच कुणी त्यांना त्यांच्या अधिकारातलं काही विचारत होतं. राग विसरून त्यांनी कचेरीतल्या मराठीत समजावलं, "दोघातिघांनी आडोशाला गुपचूप एक बेत ठरवायचा, आणि चारचौघांत आपलं काही ठरलंच नाही असं दाखवायचं. आता वाक्यात उपयोग. तुम्ही तिघांनी संगनमत करून माझी मोटार चुकवलीत."

"आमी एकमेकाक बोलाकच नाय, भाईनु."

"संगनमत करणारे नेमकं हेच म्हणतात."

लवू आणि गणपतही आपापल्या वेळी भाईंकडे जाऊन तेच वाक्य ऐकून आले होते. त्या दिवसापासून तिघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. लवूने विडीसाठी काडी मागितली तेव्हा भिकाजीने पाण्याकडे तोंड फिरवलं. त्याला पेज जाईना. काठावर जाळ्याचा दोर ओढणारे कुणी दोघे नुसते हसले, तरी हे साक्षीदार असतील का, असं त्याला वाटे.

"आदी तिघाय एका जाग्यार बसून इडये ओढीत होतास, तेवा कोणाक काय वाटाक नाय," त्याची बायको सुभद्रा म्हणाली. "आता तीन बाजूक तोंडा करून बसलास, तर गाव इचारता, काय शिजता?"

सोमवारी बरोबर दिसायला नको म्हणून भिकाजी तांबडं फुटताच एकटाच होडी वल्हवत निघाला. खाडीच्या मध्यावर त्याने मागे पाहिलं. बऱ्याच अंतरावर लवूची होडी होती, तिच्यात लवू एकटाच. आणि तिच्याही मागे गणपत. पलीकडे उतरून तिघे मालवणपर्यंत चाळीस-चाळीस पावलांच्या अंतराने चालले.

कचेरीत शिपायाने भाईंच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कुणी ओ दिली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तक्रारदार का आले नाहीत, हे कुणाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे भिकाजीच्या ध्यानात आलं. तोंडवलीच्या काठावर आज एकही होडी नव्हती. काळा कोट घातलेले, काखेत कागद धरून धक्क्यावर होडीची वाट पाहणारे भाई त्याच्या डोळ्यांपुढे स्वच्छ उभे राहिले. त्याने मान वर केली, तर लवू त्याच्याकडे पाहत होता आणि गणपत त्या दोघांकडे. पाच दिवसांत तिघांची नजर प्रथमच मिळाली होती.

"ठावक नाय, साहेब," भिकाजी म्हणाला.

लवूही तेच म्हणाला. गणपतने नुसती मान हलवली. तक्रारदार गैरहजर, तक्रार निकाली, असा शेरा मारून साहेबांनी कागद बाजूला ठेवला. परवाने वाचले.

तिघे पायऱ्या उतरले, ते एकत्रच.

"भाई अजून धक्क्यार उभे असतले," लवू म्हणाला.

भिकाजीने मागे वळून कचेरीच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," तो म्हणाला.