समुद्रावर नेलेला बंब

आमचा अण्णा समुद्रावर सुट्टीला निघाला तेव्हा आंघोळीचा बंब बरोबर घेऊन आला. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई वाढवून सांगतेय. निपाणीच्या एका हायस्कूलचं ऑफिस सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आहे तेवढंच लिहायची हाताला सवय आहे. तर बंब. तांब्याचा, पितळी तोटीचा, पोटातून जाळाची नळी गेलेला. आणि सोबत पोतंभर लाकडं आणि करवंट्या.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगावजवळ मच्छेला राहतो, तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाला. त्याची मुलंसुद्धा त्याला अण्णाच म्हणतात. दिवाळी आटोपली की तो कानटोपी घालतो आणि अंगणात बंब मांडतो. मग शिवरात्रीपर्यंत रोज पहाटे त्याच्या अंगणातून धूर निघतो आणि गल्लीतल्या बायका तो बघून दुधाची भांडी बाहेर ठेवतात. मुलानं मोरीत गॅसचा गीझर बसवून दिला आहे. त्यावर अण्णानं दाढीचा आरसा टांगलाय. गीझरच्या पाण्याला ऊब नसते, ते नुसतं तापतं, असं त्याचं मत आहे. फरक काय, हे मी एकदा विचारलं. त्यावर तो माझ्याकडे फार दयेनं बघत राहिला.

घरी आलेल्या माणसाला लोक चहा विचारतात. अण्णा आंघोळ विचारतो. मीटर बघायला आलेला, पोस्टमन, मतदारयादीवाल्या बाई, सगळ्यांना. "पानी तापलंय, घ्या दोन तांबे. गारठ्याचा काय भरवसा न्हाय." बहुतेक लोक हसून निघून जातात. मागच्या हिवाळ्यात सिलिंडर घेऊन आलेला माणूस मात्र खरोखरच आंघोळ करून, अण्णाचा टॉवेल वाळत घालून गेला. अण्णा महिनाभर त्याची आठवण काढत होता. माणूस लई चांगला, म्हणे.

गारठ्याचा भरवसा नाही हे वाक्य तो बाराही महिने वापरतो. शेंगा महागल्या, गारठ्याचा भरवसा नाही. चैत्रात घामानं निथळत बसमधून उतरलं, तरी तेच.

वहिनी जाऊन हा तिसरा हिवाळा. प्रशांत बेंगळूरला, अश्विनी पुण्याला. दोघंही तिशीपुढची, आपापल्या नोकऱ्यांत गुंतलेली. नाताळच्या सुट्टीत दोघं मच्छेला येतात, आठवडाभर शाल पांघरून कुडकुडतात आणि जातात. या वर्षी त्यांनी फोनवर परस्पर ठरवलं की यंदा घरी थंडीत बसायचं नाही, कारवारच्या बाजूला समुद्रावर जायचं, तिथं ऊन असतं. आत्यानं, म्हणजे मी, सगळं बघायचं. मी लगेच घर शोधलं, गाडी ठरवली, कुणी काय आणायचं ते प्रत्येकाला कळवलं.

अण्णा फोनवर बरं म्हणाला. त्याचं लगेच बरं म्हणणं मला खटकलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "सुमे, यंदा दर्याला ग्येली पोरं, की फुडल्या साली पन तिकडंच जातील. मग हिकडं कशाला येतील गं?"

मी म्हटलं, येतील रे, घर आहे ना. पण ते मी कामाच्या घाईत म्हटलं, आणि त्यालाही ते कळलं.

निघायच्या सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर बंब बसलेला. त्याला अण्णानं आपली जुनी शाल गुंडाळली होती. प्रशांतनं मला बाजूला घेऊन विचारलं, आत्या, हे तुमच्या यादीत होतं का. अश्विनी म्हणाली, असू दे रे, आता त्याला पट्टा लाव.

गुंजी गाव मागं पडलं. पुढे जंगलातल्या नाक्यावर गार्डनं गाडी थांबवली आणि पोतं उघडायला लावलं. जंगलातून लाकूड चोरून बाहेर नेणारे त्यानं पुष्कळ पाहिले असतील, बाहेरून जंगलात लाकूड आणणारा बहुधा अण्णाच पहिला. अण्णा खाली उतरला आणि कन्नडमधून त्याला सगळं समजावू लागला. लाकूड घरच्या बाभळीचं, हा बंब, आणि ही माझी मुलं. गार्डनं बंबावर दोन बोटं वाजवून बघितली. त्याच्या आजोळी असाच होता म्हणे. मग ते दोघं तोटीच्या वाशरबद्दल बोलत उभे राहिले. आम्ही तिघं गाडीत बसून चिवडा संपवला.

समुद्राकाठचं घर छान होतं. नारळीची झाडं, शेणानं सारवलेलं अंगण, पाच पावलांवर वाळू. घरमालकीण बाई हसतमुख. पण ऊन असं की सकाळी नऊ वाजताच पाठ चिकट. पहिल्या पहाटे अण्णानं बंब पेटवला आणि सगळ्यांना हाका मारल्या. प्रशांत चड्डीवरच समुद्रात पळाला. अश्विनी म्हणाली, अण्णा, मी विहिरीवर गार पाण्यानं करते, काय मस्त वाटतंय. मीही गारच पाण्यानं आंघोळ केली, खोटं कशाला बोलू. घरमालकीण बाईंनाही त्यानं विचारलं. त्या पदरानं वारा घेत लांबूनच नको म्हणाल्या.

अण्णा कानटोपी घालून त्या धगधगत्या बंबापुढे एकटाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलं पोहायची, मासे खायची, झोपायची. अण्णाशी दोघंही गोड बोलत होती. जेवलात का, झोप लागली का, पंखा वाढवू का. पाहुण्याशी बोलावं तसं.

तिसऱ्या सकाळी तो पुन्हा करवंट्या सारताना दिसला आणि माझा संयम सुटला. मी सरळ सांगितलं, अण्णा, इथं कुणाला गरम पाणी नकोय, उगाच हट्ट करतोस, पोरांना ओशाळल्यासारखं होतंय.

त्यानं फुंकणी बाजूला ठेवली.

"मला काय पान्याची हौस हाय व्हय?" तो म्हणाला. "तुझी वैनी होती तवा पोरं उठली की बंबाफुडं यिऊन बसायची. हात शेकत. पानी तापंपतोर एकेक जण समदं सांगायचं तिला. साळंतलं, हाफिसातलं. मी आत चा पीत ऐकायचो. मला कोन सांगतंय? ती ग्येल्यावर मी पेटवाय लागलो. पैल्या साली प्रशांत आला, बसला. सांगितलं थोडं. घरात हिंडता-फिरता न्हाय बोलत गं ती. हितं तर गारठाच न्हाय. कोन कशाला बसंल माझ्याफुडं?"

तीन हिवाळे मी त्याच्या गीझरच्या आरशावर हसत आले होते. मुलांना जाऊन सांगावं, असं एकदा मनात आलं. पण सांगून बसवलेली मुलं बसली काय आणि न बसली काय. मी आत जाऊन घरमालकीण बाईंचे तांदूळ निवडायला घेतले.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. रात्रीची जाळी ओढून गेलेल्या कोळ्यांनी नको असलेले मासे वाळूत टाकलेले असतात. त्यातल्या एका काटेवाल्या माशावर प्रशांतचा पाय पडला होता. अश्विनीच्या खांद्याला धरून एका पायावर लंगडत तो अंगणात आला. चेहरा पांढराफटक.

घरमालकीण बाई धावत आल्या. त्यांनी काटा राहिलाय का ते बघितलं, आणि म्हणाल्या, गरम पाणी. सोसवेल तेवढं गरम, त्यात पाय ठेवायचा, आग थांबेपर्यंत काढायचा नाही. पण चूल अजून पेटायची आहे.

मग आम्ही सगळ्यांनी एकदमच बंबाकडे बघितलं.

अण्णानं बादली लावली, तोटी सोडली, कोपर बुडवून बघितलं, वरून तांब्याभर गार ओतलं. प्रशांतला बंबापुढच्या पाटावर बसवलं, त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून हळू पाण्यात सोडला. पाणी निवलं की अण्णा थोडं काढायचा आणि थोडं बंबातलं घालायचा. प्रशांतच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मी डॉक्टरांना फोन केला, तेही म्हणाले, बरोबर करताय, नंतर इंजेक्शनला घेऊन या. माझा जीव भांड्यात पडला.

मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण अंगण लहान होतं.

बराच वेळ नुसता तांब्याचा आवाज. मग प्रशांत म्हणाला, "अण्णा, तुम्ही स्थळं आणता आणि मी नको म्हणतो ना." अण्णा हुं म्हणाला. "एक मुलगी होती. ठरल्यातच होतं. उन्हाळ्यात ती नको म्हणाली. कुणालाच सांगितलं नाही मी. आई असती तर..."

मला वाटलं, आता अण्णा विचारणार, कुठली, कुणाची, का नको म्हणाली. आमच्याकडे हे सगळे प्रश्न असतात, आणि मीसुद्धा ते विचारले असते.

अण्णानं तांब्याभर पाणी घातलं. "रातचं जेवतोस का रं नीट?"

प्रशांत हसला की रडला ते मला पाठमोरं कळलं नाही. "न्हाय, अण्णा," तो म्हणाला. बेंगळूरला गेल्यापासून त्याच्या तोंडी ‘न्हाय’ आलेलं मी ऐकलं नव्हतं. मग तो बोलत सुटला. एकट्याचं जेवण करायचा कंटाळा, रविवारी दार बंद करून पडून राहणं, सगळं. अण्णा मधे मधे व्हय म्हणत होता.

पायाची आग केव्हाच थांबली असणार, कारण प्रशांत मधूनच बोटं हलवून बघत होता. पाय मात्र त्यानं बाहेर काढला नाही. मी घरमालकीण बाईंना हळूच सांगितलं, जेवण जरा उशिरा वाढा.

एवढ्यात अश्विनी विहिरीवर आंघोळ उरकून आली. केस ओले, अंगाला घाम. तिनं दोघांकडे बघितलं, पडवीतलं स्टूल ओढत आणलं, त्या उन्हात बंबाला खेटून बसली आणि आपले दोन्ही पाय प्रशांतच्या बादलीत घातले.

अण्णा घाबरला. "अश्वे, तुला बी काटा लागला व्हय?"

"मला काय न्हाय लागलं," ती म्हणाली. "पण सांगायचं लई हाय. पाणी आहे ना अजून?"

अण्णानं बंबाच्या अंगावर तळवा ठेवून बघितलं आणि मूठभर करवंट्या आत सारल्या.