बावीस वेळा चालला

“काका, हे ‘चालला’ म्हणजे काय?” वहीवर बोट ठेवून आशिषनं विचारलं.

“चालला म्हंजे चालला!” वेंकोबा म्हणाले. “पुण्याचा हाईस ना रे? तुज मराठी येत नाही की काय?”

आशिष ओशाळला. पुन्हा विचारायची काही सोय उरली नाही.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या स्प्रिंगांच्या कारखान्यात बेसबॉल खेळत. कुणा अमेरिकन गिऱ्हाइकानं एकदा बॅटी आणि हातमोजे भेट पाठवले होते. टाकून कसे द्यायचे, म्हणून माणसं खेळायला लागली. निवृत्त स्टोअरकीपर वेंकोबा सामन्यांची वही लिहीत. घर तंजावरकडचं, बोलणं मराठी, लिहिणं जन्मभर तमिळ. साठीनंतर नात संयुक्ताकडून त्यांनी देवनागरी गिरवली आणि या मोसमाची वही पहिल्यांदाच मराठीत लिहिली. प्रत्येक खेळाडूपुढे: ‘मारला’, ‘बाद’, ‘चालला’.

नियोजन विभागात नवीन आलेल्या आशिषनं अंतिम सामन्याचा संघ निवडण्यासाठी ती सगळी वही संगणकात भरली. त्याचं बालपण क्रिकेटमध्ये गेलेलं. दांडी उडाली की त्यांच्या गल्लीत पोरं ओरडायची, “चालला, चालला!” म्हणून ‘चालला’ त्यानं ‘बाद’मध्ये मिळवला.

शुक्रवारी त्यानं छापील तक्ता आणला. सर्वांत खाली नाव होतं गिरिधरचं. चाळीस पाळ्यांत चौतीसदा बाद.

“शंभरात पंधरा,” आशिष म्हणाला. “अंतिम सामन्याला त्यांना घेता येणार नाही.”

गिरिधर लेथवर काम करी. वेंकोबांच्या बहिणीचा मुलगा. बॅट खांद्यावर घेऊन खांबासारखा उभा राही, म्हणून सगळे त्याला हसत. तंजावरला त्याला नोकरी मिळाली होती. या एका सामन्यासाठी त्यानं जाणं सोमवारवर ढकललं होतं.

वेंकोबांच्या मनात आलं, असं कसं? पण तक्ता त्यांच्याच अक्षरांवरून निघाला होता. आपण लिहिलेलं कुणीतरी छापून आणलं, हे आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःच भाच्याला सांगायला गेले.

“आकडा हाय रे, कण्णा. आकड्याशी काय भांडायचं?”

“सरी, मामा,” गिरिधर मान डोलावत म्हणाला आणि यंत्र पुसत राहिला.

रविवारी अंतिम सामन्याच्या पहिल्याच डावात समोरच्या फेकणाऱ्यानं चार चेंडू भलतीकडे टाकले. आपल्या खेळाडूनं बॅट खाली ठेवली आणि तो रमतगमत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला.

“वॉक! फुकटचा बेस!” आशिषनं टाळ्या वाजवल्या. “अहो काका, हेच तर हवं! वाईट चेंडूला हात न लावणारा माणूस! आपल्या संघात असा एकही नाही, तक्त्यात वॉकचा रकाना रिकामा आहे.”

वेंकोबा मान खाली घालून लिहीत होते. आशिषनं वाकून पाहिलं. ओल्या शाईत शब्द होता: ‘चालला’.

“काका... हे काय लिहिलंत?”

“चालला. चार वाईट चेंडू पडले, तो चालत बेसवर गेला. आणि काय लिव्हू?”

आशिषनं वही ओढून घेऊन मागची पानं चाळली. मग फोनवर आकडेमोड केली. गिरिधर: सहा वेळा मारला, बावीस वेळा चालला, बारा वेळा बाद. शंभरात सत्तर. अख्ख्या संघात पहिला.

“मी बाद धरलं हो!”

“मी तमिळमध्येच लिव्हायला पाहिजे होतो,” वेंकोबा हळूच म्हणाले. “अक्षरं शिकलो, अन् पोराचं नाव खोडलो.”

“फोन लावा! अजून त्यांना खेळवता येईल.”

वेंकोबांनी फोन लावला. पलीकडून आगगाडीचा भोंगा ऐकू आला.

“मामा? मी एग्मोर स्टेशनात. आजचंच तिकीट करून घेतलो. उगाच थांबून काय करू?”

“अरे कण्णा, तू पहिला होतास रे...”

“काय म्हणता? ऐकू येत नाही मामा, गाडी हलली.”

फोन बंद झाला.

“येतायत का?” आशिषनं विचारलं.

वेंकोबांनी पेनाला टोपण लावलं.

“चालला,” ते म्हणाले.

या वेळी आशिषनं अर्थ बरोबर लावला.